ओकदानची वाघकाटी

जोंगमान एकदा ‘नाही’ म्हणाला की आभाळ कोसळलं तरी ‘हो’ म्हणणाऱ्यातला नव्हता. हे त्याच्या बायकोला, मालन्योला, लग्न होऊन आल्या आल्याच कळलं होतं आणि गळकं छप्पर सोसावं तसं तिने ते सोसलंही होतं. पण धरणाची बातमी आली त्या वर्षी मात्र तिला कितीदा तरी वाटलं, याच्या डोक्यात कुदळ घालावी आणि मोकळं व्हावं.

ब्यन्सानच्या डोंगरामागचं ते खोरं धरणात जाणार होतं. गावातली घरं एकेक करून ‘जातो’ म्हणाली. जोंगमान म्हणाला, “पाणी येत नाही आणि मी जात नाही.” झालं. चार-पाच हट्टी म्हातारे त्याच्यामागे उभे राहिले आणि तो त्यांचा पुढारी होऊन बसला. उभ्या आयुष्यात ज्याला कुणी पंचायतीत बोलू दिलं नव्हतं, त्याला एकदम मान मिळाला. असा मान माणसाला चढतोच.

मालन्योचा जीव घरात नव्हता. तिचा जीव होता परसातल्या वाघकाटीत. बाहेरचे लोक त्या झाडाला हॉली म्हणतात. डोंगरात ते झुडपासारखं वाढतं. वाघ पाठ खाजवायला त्यालाच अंग घासतो, असं जुने लोक सांगत. पान जाड, चकचकीत, टोकाटोकाला काटा. थंडीत लालभडक फळं. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी वाऱ्याची आजी, म्हणजे वाऱ्याची देवी, आभाळातून खाली उतरते, तेव्हा याची फांदी सार्डिन मासळीच्या मुंडक्यासकट फाटकाला टांगायची. रोगराई आत डोकावली की डोळ्यात काटे घुसून परत फिरते. डोंगरातली झाडं बागवाल्यांनी खणून शहरात नेली, तेव्हापासून सगळं गाव मालन्योच्या परसातूनच फांद्या नेई. शेजारची विधवा पिलरे दर वर्षी फांदी तोडताना तेच म्हणायची, “एवढी रोगराई पळते तुझ्या झाडाला बघून, तुझी सासू कशी नाही गं पळाली?”

पण ज्या थंडीत गोवराने ओकदान गेली, त्या थंडीतही फाटकाला फांदी होतीच.

ओकदान म्हणजे मालन्योची थोरली, आता शहरात असलेल्या इन्सूच्या आधीची. चार वर्षांची. डोंगरातून झग्याच्या ओच्यात लाल फळं भरून आणायची. एका थंडीत तिने ती एकेक करून परसातल्या भिंतीकडेला मातीत खुपसली आणि मग रोज सकाळी तोंडही न धुता तिथे उकिडवी बसायची.

“आई, अजून झोपलंय?”

“झोपू दे. हे बी आळशी असतं. पहिला वसंत झोपून काढतं, दुसऱ्याला उठतं.”

“दुसरा वसंत कधी येतो?”

“पहिला गेला की.”

पहिला गेला. दुसरा यायच्या आत पोर गेली. जोंगमानने तिला पेंढ्याच्या चटईत गुंडाळलं, पाठीवर ओझं वाहायच्या लाकडी घोडीवर बांधलं आणि एकटाच डोंगरात घेऊन गेला. एवढ्याशा लेकराला थडगं बांधत नाहीत, आणि जागा आईला सांगत नाहीत. आई मग तिथून उठायचीच नाही. मालन्योनेही विचारलं नाही. बर्फ वितळल्यावर भिंतीकडेला एकच कोंब आला. सासू तो तण म्हणून उपटायला वाकली, तर मालन्योने सासूचा हात असा धरला की म्हातारी पुन्हा तिकडे फिरकली नाही.

तो कोंब आता दोन पुरुष उंच झाला होता.

एवढं झाड उपटलं आणि नेलं असं होत नाही. त्याला वर्षभर आधी तयार करावं लागतं. थंडी संपता संपता खोडाभोवती गोल चर खणायचा, जाड मुळं कापायची, चर पुन्हा बुजवायचा. मग आतल्या आत बारीक मुळं फुटतात आणि पुढच्या वसंतात झाड त्या मातीच्या गोळ्यासकट हलतं. मालन्यो रोपवाल्याची लेक; हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बातमी आली त्याच आठवड्यात ती फावडं घेऊन परसात गेली. जोंगमानने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

“काय चाललंय?”

“मुळं कापून ठेवते. पुढच्या वर्षी न्यायला.”

“कुठे न्यायला?”

“अहो, जाऊ तिथे!”

“आपण कुठे जात नाही. तू इथे चर खणलास की गाव म्हणेल, जोंगमान वर वर ओरडतो आणि आतून बोचकी बांधतो.”

“म्हणू दे की. सांगा त्यांना, बायकोला वेड लागलंय.”

“खणलं म्हणजे कबूल केलं,” तो म्हणाला आणि फावडं कोठारात टाकून त्याने कुलूप घातलं.

तो बाजाराला गेला तेव्हा तिने पिलरेचं फावडं आणून अर्धा चर खणला. परत आल्यावर त्याने तो बुजवला आणि वर नाचून माती दाबली. पिलरे म्हणाली, “अगं, फांदी लाव ना नव्या घरी. याच्यासारखंच होईल.”

“याच्यासारखं होईल गं. हे नाही होणार. हे तिच्या हातचं आहे.”

तो वसंत गेला. पुढचाही गेला. मालन्यो नवऱ्याशी जेवणापुरतंच बोलायला लागली, आणि रागाने म्हणा, हट्टाने म्हणा, तोही तेवढंच बोलायला लागला.

मग ऐन उन्हाळ्यात मोठी यंत्रं आली आणि रिकामी घरं पाडू लागली. त्याच्यामागचे हट्टी म्हातारे एकेक करून निघून गेले. पिलरे रडत रडत आणि सगळ्यांना शिव्या देत ट्रकमध्ये चढली. धरणाची दारं लागली, आणि एका सकाळी खालच्या भातखाचरात पाणी चमकताना दिसलं. जोंगमानने ओसरीवरून ते पाहिलं. मग उठला, कोठाराचं कुलूप काढलं, फावडं घेतलं आणि परसात गेला.

“आता?” मालन्यो किंचाळलीच. “या उन्हात? आता काढताय?”

“दोरी धर.”

त्याच्या घामाच्या धारा लागल्या होत्या. मनगटाएवढी मुळं त्याने करवतीने कापली. दोघांनी पेंढ्याची दोरी गुंडाळली, पण आत बारीक मुळं होतीच कुठे माती धरायला? झाड कलंडलं आणि गोळ्याची अर्धी माती धबधब खड्ड्यात पडली.

“निदान फांद्या छाटू द्या. अर्धी पानं तरी काढू द्या. मुळांना नाही हो झेपायचं एवढं!”

“हात लावू नकोस तिला,” तो ओरडला. “कापलंय तेवढं पुरे झालं.”

झाड पॉवर टिलरच्या गाडीत आडवं घालून ते निघाले. वळणावर त्याने गाडी थांबवली आणि उतारावरच्या पर्सिमनच्या जुन्या फळझाडाकडे बोट दाखवलं.

“तिथे आहे ती. मोठ्या दगडाखाली. मला वाटलं होतं, पाणी तिथवर...”

मालन्योला सगळं कळलं. कबूल कसं करणार होता तो? आपल्या हाताने ठेवलेल्या लेकरावर पाणी येऊ द्यायला कोणता बाप हो म्हणेल? तिचा दोन वर्षांचा राग तिथेच गेला आणि ती पार उघड्यावर पडली. राग होता तोवर तिला आधार तरी होता.

नव्या वस्तीत सगळी घरं सारखी आणि माती पिवळी, विटेसारखी. जोंगमानने खड्डा खणला, झाड उभं केलं, तीन बाजूंनी वासे लावले, बुंध्याशी पेंढा घातला. सकाळ-संध्याकाळ पाणी. जेवायला हाक मारली तरी तो झाडापाशीच. पानांची चकाकी गेली, पण रंग बराचसा हिरवा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगे, “रुसलीय जरा. नवी जागा आहे ना!”

पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्याने तिला हात धरून बाहेर आणलं. कित्येक वर्षांनी तो असा हसत होता.

“बघ, इन्सूची आई. तू म्हणत होतीस जगायची नाही. एकसुद्धा पान गळलं नाही! कशी घट्ट धरून बसलीय बघ.”

मालन्योने एक पान ओढलं. ते निघालं नाही. बोटात काटा गेला आणि रक्त आलं. रोपवाल्यांच्या घरात हे शेंबडं पोरही सांगेल. हलवलेलं झाड जिवंत असलं तर जुनी पानं आपणहून टाकून देतं. त्यालाही जीव लागतो. मेलेल्या झाडात तेवढाही जीव नसतो, म्हणून पानं वाळली तरी फांदीलाच चिकटून राहतात.

ती तिथेच मातीत बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली.

जोंगमान तिच्याशेजारी उकिडवा बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “रडतेस कशाला, वेडे? रुजली आपली पोर.”

मालन्योने बाहीने डोळे पुसले. मग ती उठली, दुसरी बादली घेतली आणि त्याच्याबरोबर झाडाला पाणी घालू लागली.