पहिल्या गोळीची वेळ

जपानमधल्या ओजिमाला राहायला आलो तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती आणि मी एकतीस. नवरा एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर होता. सकाळी साडेसातला निघायचा आणि मुलगी झोपल्यावर यायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. मुलीला बालवाडीत सोडलं की दोन वाजेपर्यंत मला हाक मारणारं कुणी नसायचं.

पुण्यात लग्नाआधी मी सहा वर्षं एअर पिस्तुलाची नेमबाजी केली होती. राज्य स्पर्धेत एकदा तिसरी आले होते. नेमबाजी मला कुणी सोडायला लावली नाही. संसार सुरू झाला, मुलगी झाली आणि रेंजवर जाणं राहूनच गेलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. स्टेशनपलीकडे खेळण्यातल्या बंदुकांचं एक दुकान होतं. एका मंगळवारी सहज आत शिरले, तर वरच्या मजल्यावरून टण् टण् असा आवाज येत होता. दुकानदाराने मला वर जायची खूण केली. तिथे एका लांबट खोलीत चारपाच माणसं नेम मारत होती. जपानमध्ये साध्या माणसाला खरं पिस्तूल हातातसुद्धा घेता येत नाही. म्हणून ही हौशी मंडळी गॅसवर चालणाऱ्या, प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या पिस्तुलांनी प्रॅक्टिकल शूटिंग खेळायची. खेळ समजायला सोपा होता. कमरेला पिस्तूल, दोन्ही हात वर. भोंगा वाजला की पिस्तूल काढायचं आणि समोरच्या पाच लोखंडी तबकड्या एकेक करून ठोकायच्या. पाचवी वाजली की वेळ थांबते. ज्याची वेळ कमी, तो जिंकला.

त्यांनी मलाही पिस्तूल दिलं. मी पाच गोळ्यांत पाच तबकड्या वाजवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी घड्याळ पाहिलं. मला नऊ सेकंद लागले होते. बाकीच्यांचं काम साडेतीनात होत होतं.

त्यांच्यात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ होते. जवळच त्यांची छोटी कार्यशाळा होती आणि तिथे ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत, मीही म्हणू लागले. पुढच्या मंगळवारी त्यांनी मला शिकवायला घेतलं. घड्याळावर पहिल्या गोळीची वेळ वेगळी दिसायची, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. माझी वेळ दोन पूर्णांक चार सेकंद होती. त्यांची स्वतःची एकाच्याही आत होती.

"पिस्तूल काढायला तुम्हाला वेळ लागत नाही," ते म्हणाले. "हात समोर आल्यावर तुम्ही थांबता. कशासाठी?"

"माशी स्थिर होण्यासाठी," मी म्हटलं. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा तो बारीक खुंट, म्हणजे माशी, नेमाच्या ऐन मध्यावर थांबेपर्यंत श्वास धरायचा, हे मी सहा वर्षं शिकले होते.

"ती कधीच स्थिर होत नाही. आणि तबकडी जेवणाच्या ताटाएवढी आहे. माशी तिच्यावर कुठेही दिसली की चाप ओढा. एकदा बघून झालं की पुन्हा बघू नका."

ऐकायला सोपं होतं. पण माझं बोट माझं ऐकत नव्हतं. नजर म्हणायची अजून नाही, आणि बोट थांबायचं. घरी मी कपाटाच्या दारावर छोटे गोल स्टिकर चिकटवले आणि दुकानातून विकत घेतलेलं पिस्तूल रोज सकाळी रिकामंच दोनशे वेळा काढू लागले. मूठ धरायची, वर उचलायचं, छातीपाशी दुसरा हात मिळवायचा, पुढे ढकलायचं. मुलगी टेबलाशी बसून दूधपोहे खात बघायची. एकदा तिने मान हलवली आणि म्हणाली, "ओसोइ." हळू. बालवाडीत गेल्यापासून ती जपानीतच बोलायला लागली होती.

तीन महिन्यांनी मी एक पूर्णांक सातवर आले आणि तिथेच अडकले. माझा हात लहान आहे, पिस्तुलाची मूठ मोठी पडते, दर वेळी पकड सरकवावी लागते, असं मी सेन्सेईंना सांगितलं. पुढच्या खेपेला येताना त्यांनी जबड्याचा ठसा घ्यायची लुकण आणली, ती पिस्तुलाच्या मुठीभोवती थापली आणि म्हणाले, "दोन मिनिटं गच्च धरा. हलू नका."

दोन आठवड्यांनी त्यांनी मूठ आणली. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मालाच्या करतात, त्याचीच बनवली होती. "रंगाबद्दल माफ करा," ते म्हणाले, "माझ्याकडे हाच असतो." मी हात घातला. प्रत्येक बोटाला आपापली जागा होती. माझ्यासाठी इतक्या बारकाईने कुणी काही केल्याला बरीच वर्षं झाली होती.

त्या मुठीने मी एक पूर्णांक चारवर आले. सेन्सेईंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. पण पुढचे पाच महिने तो आकडा हलला नाही. आता माझ्याकडे सबबही नव्हती. सावकाश मारलं की तबकड्या वाजायच्या आणि वेळ जायची. घाई केली की वेळ चांगली यायची आणि छर्रे मागच्या पडद्यात जायचे. रविवारीही मी कपाटासमोर उभी राहायला लागले.

"आवडतं तुला, मान्य आहे," नवरा म्हणाला. "पण यातून पुढे काय?"

"पुढे काही नाही."

"मग इतकी रडकुंडीला का येतेस?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याने चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि पेपर उघडला.

वसंतात उरायासुच्या एका सभागृहात स्पर्धा होती. पन्नासेक माणसं होती, त्यांत बायका तिघी. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीआधी सेन्सेई एवढंच म्हणाले, "नेहमीसारखं." पण मला नेहमीसारखं नको होतं. मला एक पूर्णांक चारच्या खाली जायचं होतं. भोंगा वाजला. हात कधी नव्हे इतका झपकन गेला आणि बोटही त्याच्याबरोबर गेलं. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमधून पुरतं बाहेर यायच्या आत चाप ओढला गेला. छर्रा माझ्या पायाजवळ जमिनीवर आपटून उडाला.

पंचाने हात वर केला. मला पिस्तूल रिकामं करून दाखवायला लावलं, मग कमरेत वाकून म्हणाला, "क्षमस्व, आजची स्पर्धा तुमच्यासाठी इथेच संपली." नियम बरोबरच होता. खरं पिस्तूल असतं तर ती गोळी माझ्या पायात शिरली असती. मी सामान आवरत होते. मान वर केली तर सेन्सेई टोपी हातात घेऊन पंचापुढे वाकले होते. माझ्या वतीने ते माफी मागत होते. एकदा वाकले, मग पुन्हा वाकले. बाद झाल्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

त्यानंतर बोट घाबरलं. हात समोर यायचा, माशी तबकडीवर दिसायची, आणि बोट चापाबाहेरच राहायचं. एक पूर्णांक आठ. दोन. दोन पूर्णांक एक. सेन्सेई म्हणाले, "थोडे दिवस हे बाजूला ठेवा. वॉर्डाच्या क्रीडाकेंद्रात छर्र्याऐवजी प्रकाशाचा किरण सोडणाऱ्या पिस्तुलाने सावकाश नेमबाजी करतात. तुमची जुनी पद्धत. तिथे मन शांत होईल."

मी गेले. एका हाताने उभं राहायचं, दहा मीटर, वेळच वेळ. ही माझीच जागा, असं वाटलं. हात उचलला, श्वास धरला. माशी काळ्या ठिपक्याला शिवली आणि बोटाने चाप खेचला. मी थांबायचं ठरवलं होतं, पण ते थांबलं नाही. दुसरी गोळी तशीच, तिसरी तशीच. जिथे घाई हवी होती तिथे बोट अडायचं, आणि इथे, जिथे सहा वर्षं ते धीराने थांबलं होतं, तिथे ते धीर धरेना. कॉलेजातल्या पहिल्या वर्षी मला याहून जास्त गुण मिळत. मी तासाभराचं आरक्षण अर्ध्यात सोडून निघाले.

पुढच्या मंगळवारी दुकानाच्या जिन्यात मी सेन्सेईंना थेट विचारलं, "खरं सांगा. माझ्यात सुधारणा होईल का?"

त्यांच्या हातात कॉफीचा गरम डबा होता.

"मुझुकाशी देसु ने," ते म्हणाले. कठीण आहे. जपानीत असं म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. मग खाली बघत ते म्हणाले, "मूठ बनवत होतो तेव्हा वाटलं होतं, होईल."

"मलाही वाटलं होतं."

"हो," ते म्हणाले, आणि आम्ही वर गेलो.

नवऱ्याचं कंत्राट आणखी दीड वर्ष वाढलं, आणि तेवढे दिवस मी जात राहिले. मंगळवार चुकवला नाही. कपाटावरचे स्टिकर मात्र काढून टाकले. जपानीची कटाकाना लिपी मला बरी जमायला लागली होती, म्हणून वेळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकाचं नाव, पहिल्या गोळीची वेळ, एकूण वेळ. नवे लोक यायचे, दोन महिन्यांत मला मागे टाकायचे, आणि मी त्यांचे आकडे लिहायचे. सगळ्यांचं झालं की शेवटी मीही उभी राहायचे. भोंगा सेन्सेई वाजवायचे. एक पूर्णांक नऊ, कधी दोन. ते काही सुचवायचे नाहीत आणि मी काही विचारायचे नाही. मग वही मिटून मी मुलीला आणायला जायचे.