केझायाचं नाव

जेसिना फिंडलेनं उभा जन्म कोळीवाड्यात हॅडक मासे कापण्यात घालवला. बोटांवर सुरीचे वण, आणि जिभेलाही सुरीचीच धार. ती हट्टाला पेटली की शहाण्यानं वाट सोडावी!

तिला एकच गोष्ट छळत होती. आम्हा स्कॉटिश कोळ्यांची रीत अशी, की पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. पण क्रिसी आजीनं थोरल्या लेकीला, म्हणजे जेसिनाच्या आईला, सासूचं नाव दिलं होतं. स्वतःच्या आईचं नाव तिनं मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. विचारलं की म्हणायची, "चहा गार होतोय." अहो, आईचं नाव कोण विसरतं?

काम सुटल्यावर जेसिनानं वाचनालयात ठाण मांडलं आणि जुन्या खानेसुमारीची पानं उपसायला घेतली. अखेर आजी सापडली, पण कुठल्या घरात नव्हे. दगडखाणीजवळचा तंबू. केझाया, पत्र्याची भांडी करणारी. लेक क्रिसी, वय सहा.

जेसिना तिथंच रडली. मग डोळे पुसले आणि भडकली.

नातीच्या बाप्तिस्म्याला सगळं गोत जमणार होतं, आणि चर्चच्या हॉलमध्ये वंशवृक्ष लावायचं ठरलं होतं. धाकटा भाऊ अ‍ॅलिक चर्चचा चिटणीस.

"ताई, ते नाव गाळ. आपल्या घरात भटके? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. तू आपलं तोंड मिटून बस."

"आजीनंच झाकलं ना? मग तू कशाला उकरतेस?"

"आजी भ्याली रे. तिला या गावात पोरं वाढवायची होती. मला कुणाचं भ्या? सरकारी कारकून चिखलात वाकून तिच्या तंबूपाशी गेला, तिला मोजून आला. परक्यानं मोजलं, आणि तिचं रक्त असून तू वगळतोस? लाज नाही वाटत?"

"हॉलची किल्ली माझ्याकडं आहे. बघतो कोण लावतं ते!"

जेसिना उठली ती थेट लेकीकडं, मेरियनकडं गेली. रीतीप्रमाणे बाळाला जेसिनाचंच नाव मिळणार होतं. लेकीच्या लग्नापासून ती त्याची वाट बघत होती. तरी तिनं सांगितलंच, "माझं नाव ठेवू नकोस."

रविवारी हॉलला कुलूप होतं. चर्चमध्ये पाद्र्यानं बाळाचं नाव विचारलं.

"केझाया," मेरियन ठणकावून म्हणाली.

बाकांवर कुजबुज उठली. प्रार्थना आटोपल्यावर नोंदवही अ‍ॅलिकपुढं आली. त्याचे कान लाल झाले होते, पेन हवेतच अडलं होतं. जेसिना बाळाला घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"लिही, अ‍ॅलिक. उद्या हिला शाळेत, बंदरावर, घराघरांतून हाका मारतील. किती कुलपं लावशील?"