उस्ता वहबाची चुकलेली गाडी

अलेक्झांड्रियाच्या इब्राहिमिया भागात ट्रामच्या रुळांना लागून जो कॉफीखाना आहे, तिथे दारापासून दुसऱ्या टेबलावर उस्ता वहबा बसायचा. चाळीस वर्षं मी रंगमंचावर राजे, वजीर आणि दारुडे केले, पण प्रवेश कसा घ्यावा हे या माणसाकडून शिकावं. खुर्ची कर्रकन ओढायची, टोपी टेबलावर आपटायची आणि ओरडायचं, "आणा! कोणाचा फोटो आहे?"

लोक आणायचेच. कोणाचे आजोबा फुटपाथवर ऐटीत उभे, कोणाची मावशी छत्री घेऊन. मागे कुठली इमारत, कुठलं साल, घरात कोणालाच ठाऊक नाही. वहबा माणसांकडे बघायचाही नाही.

"आजोबांना म्हणावं जरा सरका. मागचं मडगार्ड झाकलंय."

पन्नास वर्षं त्याने गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ केले होते, म्हणून तो 'उस्ता', म्हणजे कसबी कारागीर. हातभर मडगार्ड दिसलं तरी त्याला गाडीची कुंडली कळे. इमारतींचंही तेच. बाल्कनीची लोखंडी नक्षी, खिडक्यांच्या झडपा, दारावरचा प्लास्टरचा सिंह. "या सिंहाचं नाक एकेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात गेलं. इथे नाक शाबूत आहे. म्हणजे त्याआधीचा फोटो. चला, पुढचा!"

त्याचा एक नियम होता आणि तो आम्हा सगळ्यांना पाठ होता. गाडी एवढंच सांगते, की फोटो तिच्या जन्माआधीचा नाही. पुढे किती वर्षांनी काढला, ते ती सांगत नाही, कारण अलेक्झांड्रियात गाडी मरत नसते. इंजिन एकाचं, चाकं दुसऱ्याची, आणि तीच गाडी नातवाच्या लग्नाच्या वरातीत.

एकदा सामेह नावाचा एक गुळगुळीत दाढीचा तरुण आला. कोपऱ्यावरची सात मजली इमारत त्याच्या आजोबांनी बांधलेली. त्याने तळहाताएवढा फोटो पुढे केला. इमारत तीच, पण पाचच मजल्यांची. समोर एक चौकोनी, उघडी, ठेंगणी गाडी.

मी माझं वाचायचं भिंग पुढे केलं.

"ते तुझ्याजवळ ठेव," वहबा म्हणाला. "आंधळ्यांना लागतं." टेबलाभोवती आठ-दहा जण जमलेले, आणि प्रेक्षक मला जितके प्रिय, तितकेच त्यालाही. "रामसेस! आपल्याच देशात बनलेली. साठ सालाच्या आधी रस्त्यावर नव्हतीच."

"लिहून द्याल, उस्ता? घरच्यांना दाखवायला."

वहबाने लिहून दिलं. खाली सही केली, आणि सहीखाली दोन रेघाही ओढल्या.

तीन आठवड्यांनी सित्त तफिदा, म्हणजे तफिदाबाई, आली. आमच्या नाटक मंडळीची शिवणकाम करणारी. मी घातलेला प्रत्येक राजाचा झगा तिच्या हातचा. त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर ती कायद्याने गोठवलेल्या जुन्या भाड्याने राहायची; मजला पाडल्याशिवाय सामेहच्या घरच्यांना तिला काढता येत नव्हतं. तिने पालिकेची नोटीस टेबलावर टाकली.

"घे, वाच. माझ्या डोक्यावरचं छप्पर तू दोन रेघा ओढून विकलंस."

प्रकरण सरळ होतं. वरच्या दोन मजल्यांचा परवाना छप्पन सालचा, दोन वर्षांचाच. साठ सालानंतरच्या फोटोत ते मजले नसतील, तर ते परवाना संपल्यावर चढवलेले, म्हणजे बेकायदा. महिन्याभरात उतरवा. पुरावा म्हणून सामेहने दिलेला फोटो आणि तज्ज्ञाचं मत जोडलेलं. तज्ज्ञ म्हणजे आमचा वहबा.

"गाडी रामसेस आहे," वहबा पुटपुटला. "मी काय करू?"

"चूक आहे म्हण."

"मी? चूक?"

"नाही, माझी मावशी चुकली! अरे गाढवा, नीट बघ तरी."

नोटिशीला फोटोची मोठी प्रत होती. या वेळी भिंग त्याने न मागता उचललं. बराच वेळ तो बॉनेटच्या बाजूला हवेसाठी पाडलेल्या फटी बघत राहिला. ओठ हलत होते. मग त्याने भिंग खाली ठेवलं.

"अकरा," तो म्हणाला. "आणि सगळ्या मागे कललेल्या. ही रामसेस नाही. ही मी केली."

युद्धानंतर इंग्रजांच्या फौजेच्या मोडक्या गाड्या लिलावात मातीमोल जायच्या. कोस्ती नावाच्या ग्रीक उस्ताकडे वहबा तेव्हा कामाला होता. खालचा सांगाडा फौजेचा आणि वर हाताने ठोकलेलं पत्र्याचं अंग, अशा गाड्या ते करायचे. एकावन्न सालची ही त्याची पहिली. वहबा डावखुरा, छिन्नी कलायची, म्हणून फटीही कलल्या. कोस्तीने त्याला अकरा फटींच्या अकरा थपडा मारल्या होत्या. पोटचं लेकरू न ओळखणारा बाप आम्ही नाटकात दाखवायचो, आणि लोक हसायचे.

"सांगून टाक, गर्दीत नीट दिसलं नाही," मी म्हणालो. "आणि सांगताना जरा थांब, मान खाली घाल, मग..."

"तुझं नाटक तुझ्याजवळ ठेव, बे. मान मी खाली घालायचो ती पत्रा ठोकताना."

पालिकेतल्या सुनावणीला आम्ही तिघे गेलो. टेबलामागे नाहेद नावाच्या इंजिनिअर बाई, समोर सामेह आणि त्याचा वकील. वहबाच्या काखेत एक जुनी पिशवी होती.

"माझं मत चुकलं," तो मोठ्याने म्हणाला. "ही गाडी कारखान्यातली नाही. माझ्या हातची आहे."

वकील हसला. "महिन्यापूर्वी रामसेस होती. आज उस्तांची झाली. शेजारणीने जेवायला घातलं वाटतं?"

वहबाने पिशवीतून पत्रा, छिन्नी आणि हातोडी काढली. शिपाई धावला. "अहो, हे सरकारी टेबल आहे!"

"मग जमिनीवर करतो. जमीनही सरकारीच ना?"

सत्तरीचा माणूस फरशीवर मांडी घालून बसला आणि ठोकायला लागला. शेजारच्या खोल्यांतले कारकून दारात गोळा झाले. एक फट, दुसरी, तिसरी. माझ्या हयातीत मी इतकं गच्च सभागृह पाहिलं नाही. पत्रा त्याने नाहेदबाईंसमोर ठेवला.

"फोटोशी ताडून बघा. कारखान्याचा साचा असा कलत नाही, बाई. असा डावखुरा कलतो."

त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. "गाडी हातची आहे, हे मला पटतं," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी एकावन्नची. मग फोटो कुठल्या सालचा?"

तफिदाने माझा दंड घट्ट धरला. मी वहबाच्या पाठीत बोट खुपसलं. त्रेपन्न म्हण! चोपन्न म्हण! छप्पनच्या आधीचं कुठलंही एक साल, आणि काम फत्ते. कोण तपासणार होतं?

"माहीत नाही," वहबा म्हणाला.

चाळीस वर्षांत हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

"एकावन्नच्या आधीचा नाही, एवढं गाडी सांगते. त्रेपन्नचा असेल, साठचाही असेल. मला माहीत नाही." मग तो सामेहकडे वळला. "आणि बेटा, तुलाही माहीत नाही. ज्याला माहीत नाही, त्याने बाईच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं नसतं."

"म्हणजे यांच्याकडेही पुरावा नाही!" वकील उसळला.

"मजले पाडायला तुम्ही निघालात," नाहेदबाई म्हणाल्या. "साल तुम्ही सिद्ध करायचं." त्यांनी नोटीस रद्द केल्याचं लिहिलं आणि वहबाचं जुनं मत त्याच्यापुढे सरकवलं. "हे परत घ्या. फाडून टाका हवं तर."

"फाडू? मुळीच नाही. फाइलीतच राहू द्या." त्याने पेन मागून घेतलं आणि आपल्या सहीखाली लिहिलं, 'हे मत चूक आहे. वहबा.' या वेळी रेघा ओढल्या नाहीत.

जिन्यात तफिदा त्याच्यावर तुटून पडली. "एक साल तोंडातून निघत नव्हतं, मेल्या? माझा जीव गेला असता तिथे!"

"घर राहिलं ना?"

"राहिलं."

"मग खोट्यावर कशाला उभं करायचं?"

खाली रस्त्यावर सामेह गाडीचं दार उघडून उभा होता. "मी दुसरा फोटो शोधून आणीन, उस्ता. साल लिहिलेला."

"आण," वहबा म्हणाला. "शंभर आण. प्रत्येक भिंगाखाली घालीन, आणि जे दिसेल तेच सांगेन. तुझ्या बाजूचं दिसलं तर तेही सांगेन, आणि मग सित्त तफिदाच्या दारात आडवा पडेन. दोन्ही मीच करीन."