सिंहासनाचं भोक

आमच्या नाटक मंडळाची एक पत्र्याची ट्रंक आहे. जत्रेचं नाटक झालं की मुकुट, दाढ्या, तलवारी तिच्यात जातात आणि कुलूप लागतं. किस्से मात्र बाहेरच राहतात! मी बाजाची पेटी वाजवणारा, म्हणजे रंगमंचाच्या कडेला बसून सगळं बघणारा. माझ्याकडचे अर्धे किस्से आमच्या राजाचे, दत्तारामचे. उरलेले त्याच्या झोपेचे.

दत्ताराम डिचोलीचा, खाणीवर ट्रक चालवणारा. माणूस एवढा रुंद की त्याला राजा करण्याशिवाय इलाज नव्हता. दुसऱ्या कुठल्या खुर्चीत तो मावतच नव्हता. नऊ वर्षं तेच नाटक, तोच राजा. आमचं नाटक मराठीतून, भांडणं कोंकणीतून आणि त्याचं घोरणं सगळ्यांना समजेल असं!

*

सिंहासनावर बसला की पाचव्या मिनिटाला मान खाली. शेवटी आम्ही सिंहासनाच्या पाठीला भोक पाडलं. मागे पडद्याआड त्याची बायको, शेवंतीवहिनी, झाडूतला एक हीर घेऊन बसायच्या. मान कलली की टोचायच्या.

एका वर्षी राणीचं नाजूक पद चालू असताना हीर जरा जास्तच लागला. राजा ताडकन उठला आणि तिसऱ्या अंकातलं वाक्य ठोकलं, "सेनापती, शत्रू आत शिरला!" समोर बिचारी राणी एकटीच! टाळ्या इतक्या पडल्या की पुढच्या वर्षी दिग्दर्शकाने ते वाक्य तिथेच ठेवलं.

*

दुपारी जेवणं झाली की आमची सगळी डिचोली आडवी होते. वहिनी तेवढ्या बसलेल्या. दत्तारामचं घोरणं मध्येच थांबायचं, श्वासही थांबायचा. मग त्या त्याला गदागदा हलवायच्या. दुपारी तेच, रात्रीही तेच. स्वतः कधी झोपायच्या, देव जाणे.

मी एकदा चिडवलं, "वहिनी, घोरण्याने कान किटले असतील!"

"घोरता तेन्ना बरें," त्या म्हणाल्या. "थांबता तेन्ना हांव देवाचें नांव घेतां."



*

एकदा खनिजाच्या ट्रकांची रांग पुढे सरकली आणि हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून तसाच. मागून बारा ट्रकांचे हॉर्न. डोळे चोळत विचारतो, "कोणाची वरात रे?"

आम्ही खूप हसलो. पण आठच दिवसांनी चालता ट्रक रस्ता सोडून शेतात उतरला. चिखलात रुतला म्हणून वाचला, कोणाला काही लागलं नाही. घरी आल्यावर वहिनींनी चावी काढून घेतली, तांदळाच्या डब्यात पुरली आणि त्याला पणजीला डॉक्टरकडे नेलं.

अंगभर वायरी लावून झोपेची टेस्ट झाली. "झोपून पास जालों अशी ही पयलीच परीक्षा!" हा खूश. डॉक्टर खूश नव्हते. झोपेत घसा बंद पडून श्वास सारखा अडत होता. वजन कमी करा आणि झोपताना मशीन लावा, ते मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवेल, असं त्यांनी सांगितलं.

वजनाचं म्हणाल तर जेवणातल्या चार उंड्यांचे, म्हणजे पावांचे, तीन झाले, भाजी चार पावांचीच राहिली. मास्क मात्र दोन मिनिटांत भिरकावला. "हें मशीन न्हय मरे, टायरांत हवा भरपाचो पंप!"

*

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नाकाचं हाड वाकडं, टॉन्सिल मोठे. ऑपरेशन करू म्हणाले.

"मग मशीन सुटतलें?" दत्तारामने विचारलं.

"नाही. पण कमी दाबावर भागेल, तुम्हाला सोसेल."

"आणि आवाज?"

"थोडासा बदलू शकतो."

"मग नाका!" त्याने साफ नकार दिला.

नऊ जत्रा गाजवलेला आवाज तो! आम्ही समजूत घालून थकलो. शेवटी भर तालमीत वहिनी उभ्या राहिल्या, "माका राजा नाका, घोव जाय!" त्यांना राजा नको, नवरा हवा होता.

दुसऱ्याच दिवशी राजा ॲडमिट झाला.

*

ऑपरेशननंतर काही दिवस बोलायला बंदी होती. पाटीवर लिहायचा. आम्ही भेटायला गेलो तर पहिलंच वाक्य: "मंत्र्याक सांगात, सिंहासनाचेर बसूंक नाका."

पुढे पहिल्या तालमीला सगळे श्वास रोखून बसलो. त्याने वाक्य टाकलं. आवाज होता, उलट मोकळा झाला होता! दिग्दर्शक म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं आम्ही सर्दी झालेला राजा खपवला!"

मशीनही आता रोज लागत होतं, कमी दाबावर. त्यामुळे त्या तालमीत राजा प्रथमच पूर्ण जागा होता. दुसऱ्या अंकात मंत्र्याने आपलं कारस्थान प्रेक्षकांना सांगितलं. राजा सिंहासनावरून उठलाच, "अरे, हो मंत्री इतलो लबाड? आणि तुमी माका आतां सांगतात!"

*

जत्रेचा दिवस आला. हीर घरी ठेवून, नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून वहिनी प्रथमच पहिल्या रांगेत बसल्या.

तिसरा अंक. शत्रू वेशीवर आला होता. राजाने तलवार उपसली, छाती भरून घेतली. ढोलवाल्यांचे हात वर, माझी बोटं पेटीवर. त्याच्या आरोळीसरशी सगळं दणाणायचं होतं.

त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत वहिनींची मान कलली होती. गाढ झोप लागली होती.

राजाने तलवार अलगद खाली घेतली. आमच्याकडे वळून, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "सैनिकहो, रणदुंदुभी वाजवा... पण हळू वाजवा!"