पंपवाल्यांचं पान

माझा नवरा एबरहार्ट चाळीस वर्षं कारखान्यात मापं तपासायला होता. तयार झालेला सुटा भाग त्याच्या टेबलावर यायचा आणि केसाइतका जरी फरक निघाला, तरी भंगारात जायचा. फोरमन विनवण्या करायचे, "अरे, एवढं चालतं रे!" हा म्हणायचा, "तुझ्याकडे चालत असेल, माझ्याकडे नाही." अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. पण हा आपल्याला फसवेल अशी भीती मात्र कधी वाटली नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने तीच नजर शेअरकडे वळवली. लोकांनी पाठ फिरवलेली कंपनी शोधायची, तिचे दहा-दहा वर्षांचे ताळेबंद चाळायचे, मालात खोट नसेल तर पडत्या भावात घ्यायची आणि गप्प बसायचं. आमच्याकडे हिवाळी कोट मे महिन्यात येतो आणि पाव आदल्या दिवशीचा, दोन्ही स्वस्त पडतात म्हणून, तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही.

प्रत्येक कंपनीला त्याच्या करड्या वहीत एक पान. वर लिहायचं, का घेतली. खाली लिहायचं, काय झालं तर विकायची. सगळं पेन्सिलने, कारखान्यातली सवय. नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या दिवसांत आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. मी पान मोठ्याने वाचते आणि एकच प्रश्न विचारते, "आज हा शेअर तुझ्याकडे नसता, तर आज घेतला असतास?" हो म्हणाला तर ठेवायचा, नाही म्हणाला तर विकायचा. हा नियमही त्याचाच. "तुला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून विचारायला तूच बरी," असं म्हणून हे काम त्याने मला दिलं. मी ते कौतुकच मानलं.

यंदा दहा पानं सुरळीत झाली. अकरावं पान पंपवाल्यांचं.

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्याचं नाव नाही सांगत, त्यांचे भागधारक आधीच पुरेसे पोळलेत. याने तो शेअर चाळीस युरोला घेतला. तीसवर आला, आणखी घेतला. वीसवर आला, आणखी. "रोझविटा, अगं तोच कारखाना, तेच पंप, आणि अर्ध्या किमतीत!" आम्ही दोघं दर वर्षी त्यांच्या भागधारकांच्या सभेला जायचो. पूर्वी तिथे बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज पोटभर असायचं, लोक डबे भरून घरी न्यायचे. मीही न्यायचे, लाजायचं कशाला? मग माणशी एका सॉसेजचं कुपन आलं. गेल्या वर्षी तर नुसता कोरडा ब्रेत्सेल, पिळाचा खारा पाव, हातावर ठेवला. परतताना मी म्हटलं, "यांचं काही खरं नाही." हा खुलला. "उलट! पै-पैचा हिशेब ठेवतात. चांगल्या कारखान्याची हीच तर खूण!" आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे शेअर घेतले. कपाळावर हात मारून घेतला मी.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. अठ्ठावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि माझे दोन्ही गुडघे गेलेले. समोरचं तळमजल्याचं घर विकायला निघालंय. मालक ओळखीचा, त्याने आमच्यासाठी नववर्षापर्यंत थांबवलंय. पहिल्या हप्त्याचे पैसे बँकेत वेगळे काढून ठेवलेत. नुसतं हो म्हणायचं होतं. पण दोन महिने एबरहार्टचं एकच, "घाई काय आहे?"

मी पंपवाल्यांच्या पानावरची खालची ओळ वाचली. "चार वर्षं लाभांश दिला नाही, तर विकायचा." वाचता वाचता अडखळले. 'चार'पाशी कागद खरखरीत झाला होता, उजेडात धरला तर आरपार दिसेल इतका पातळ.

"इथे काय होतं?"

"कुठे?"

"एबरहार्ट."

त्याचे कान लाल झाले. "दोन."

"मग?"

"मग तीन केलं."

"तू माप बदललंस?"

मी नियमाप्रमाणे प्रश्न विचारला, आज नसता तर आज घेतला असतास?

"नोव्हेंबरमध्ये घेतलाय," तो म्हणाला. "नऊला मिळत होता."

"कशातून?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या तळमजल्याला अजून पडदे लागले नव्हते.

मला इतका संताप आला की मी वही फाडकन मिटली. घराचे पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण दोन महिने मी रोज त्या खिडकीत उभी राहून पडद्यांचे रंग ठरवत होते, आणि हा शेजारी उभा राहून मान डोलवत होता!

आमच्या दाराला या आठवड्यात जिना झाडायची पाटी होती. आमच्याकडे घरोघरी पाळी असते, आणि पाळी चुकली की सगळी इमारत महिनाभर तोंड वाकडं करते. मी झाडू घेतला आणि निघाले. हल्ली मी पायरीवर बसून झाडते, मग खालच्या पायरीवर सरकते. पाटी रोज त्याच्या नाकासमोर असते, पण ताळेबंद नसल्यामुळे ती त्याला दिसत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले, तेव्हा तो मागून उतरला आणि शेजारी बसला.

"नसता घेतला," तो म्हणाला. "आज माझ्याकडे नसता, तर नसता घेतला. सोमवारी विकून टाकतो सगळा."

"आणि घर?"

"तेवढे नाही यायचे."

त्याने झाडूकडे हात केला, मी दिला. मग त्याने खाली बघत विचारलं, "आणि मी, रोझी? आज मी तुझ्याकडे नसतो, तर?"

एकेचाळीस वर्षांत याने कधी असं काही विचारलं नव्हतं.

"दोन मजले राहिलेत," मी म्हटलं. "झाडत जा. खाली आले की सांगते."

त्याने झाडलं, कोपरान् कोपरा, एक खडा मागे ठेवला नाही. खाली पोचल्यावर झाडू भिंतीला टेकवला आणि वर बघत उभा राहिला. मी अजून वळणावरच्याच पायरीवर बसले होते. मी कठडा धरला. एकदा जोर केला, मग पुन्हा केला. उत्तर द्यायला खाली जायचं होतं, पण मला उठताच येईना.