गाडीत बाई आहे का

विद्यापीठाची ती अ‍ॅपची स्पर्धा दर हिवाळ्यात येते आणि दर हिवाळ्यात माझ्याच गळ्यात पडते. मी बुलडाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संगणक शिकवते, म्हणजे तास असला तर मॅडम, नसला तर घरी. कायम नोकरीवाल्यांना नाही म्हणता येतं. मला येत नाही. म्हणून पोरांच्या टीम पाडा, त्यांच्याकडून नमुना करून घ्या, त्यांना स्पर्धेसाठी चिखलीला न्या, बॅनरपुढे उभं राहून फोटो काढा, हे सगळं मीच करायचं.

नमुना म्हणजे खरं अ‍ॅप नव्हे. नुसती पडद्यावरची चित्रं असतात. बटण दाबलं की पुढचं चित्र येतं आणि बघणाऱ्याला वाटतं की आत काहीतरी चाललंय. पोरं दरवर्षी तेच आणतात, शेतकऱ्यासाठी बाजारभाव नाही तर शेतकऱ्यासाठी हवामान. जन्मात ढेकळात पाय न घातलेली पोरंसुद्धा शेतकऱ्याचं भलं करायला निघतात. ऐकून ऐकून कान किटले होते माझे. त्या वर्षी मी वर्गात सांगूनच टाकलं, बाबांनो, यंदा जरा शेतकऱ्याला सोडा.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. धाड गावाच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथून आत तिचं गाव. वडील गावात शिवणकाम करतात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, वर्गात फारसं बोलायची नाही. म्हणाली, मॅडम, जीपचं करू का?

जीपचं म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती, मी धाडलाच राहते. आमच्या रस्त्याला संध्याकाळची एसटी आली तर आली. नाही तर काळीपिवळी जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. त्यात आमच्याकडे बाईमाणूस आधी गाडीत डोकावतं, आत दुसरी बाई आहे का बघतं. असली तर बसतं, नसली तर थांबतं. आता दुसरीही तेच करत असते. एक रसवंतीपाशी उभी, एक झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी, दोघी एकमेकींच्या बसण्याची वाट बघतात, आणि गाडी बाप्यांनी भरून निघून जाते. बह्याडपणाच आहे हा, निव्वळ वेडेपणा. पण पहिली कोण बसणार? मीही कितीदा तशी उभी राहिलेय.

तिचं अ‍ॅप एवढंच सांगणार होतं, की या गाडीनं जायला किती बाया थांबल्यात आणि किती आत बसल्यात. आयडिया चांगली होती, पण तिला ती परीक्षकांना दाखवायचीच नव्हती. तिला दाखवायची होती वडिलांना. तिला पुढे एम.एस्सी. करायचं होतं, आणि एम.एस्सी.ची प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत चालतात. वडील शिक्षणाच्या आड येणारे नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की अंधारात फाट्यावर मोटरसायकल लावून उभं राहायचं आणि पोरगी कोणाबरोबर येतेय ते ठाऊक नाही, हे आपल्याच्यानं होणार नाही. तू परत कशी येशील ते मला दाखव, मग अ‍ॅडमिशन घे, असं त्यांनी सांगितलं होतं. तिनं ते शब्दशः मनावर घेतलं.

चिखलीला वडील स्वतः आले. पांढरा इस्त्रीचा कुर्ता घालून शेवटच्या रांगेत बसले. परीक्षक पुण्याचे होते. ती ‘मले घरी जायाचं हाये’ असं उदाहरण देऊन सांगायला लागली तेव्हा एकानं दुसऱ्याकडे बघून गालात हसून घेतलं. मग कमाई कशी होणार ते विचारलं, आणि बाया-बाया काय, सगळ्यांसाठी करा, मोठं होईल, असा सल्ला दिला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मी गप्प बसले, कारण दमले होते, आणि पुढच्या वर्षी यांनाच परत नमस्कार करायचा असतो.

खरी परीक्षा चहाच्या टेबलापाशी झाली. वडिलांनी फोन मागून घेतला. तिनं बटण कसं दाबायचं ते दाखवलं. त्यांनी दाबलं. पडद्यावर आलं, गाडीत बाया : तीन. त्यांचा चेहरा उजळला. मला बरं वाटलं, म्हटलं झालं काम. मग त्यांनी फोन जरा लांब धरला आणि तिला विचारलं,

“ये तीन औरतां कौन हैं?”

मी मनात म्हणत होते, सांग ना बाई कुणाचीही नावं. गावातली नर्स सांग, अंगणवाडीवाली सांग. खरं सांगते, त्या घडीला तिनं खोटं बोलावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते. ती म्हणाली,

“कोई नहीं, अब्बा. वो तीन मैंच लिखी.”

ते रागावले नाहीत. फोन पुसून तिच्या हातात दिला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, रडत मात्र नव्हती. मग ते माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुमी तं धाडलेच राह्यता ना? ह्या तिघींच्या जागी तुमी एकट्या बसल्या तरी मले चालते. दोन वर्षं. बसल्या का एक फोन करजा.”

माझे तास दुपारीच संपतात. आणि त्याहून मोठं म्हणजे, हे वर्ष झालं की मी ही नोकरी सोडणार होते. घरी सांगून झालं होतं. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला होता, मीही टाकला होता. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्या पोरीनं नुकतंच खरं बोलून आपल्या हातानं आपलं दार लावून घेतलं होतं, तिच्यासमोर नाही म्हणणं मला जमलं नाही. पहिलं बक्षीस बाजारभावाला गेलं. जाणारच होतं.

आता ती आमच्याच कॉलेजात एम.एस्सी.ला आहे. दुपारी माझे तास संपले की मी संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये बसून राहते. पेपर तपासते, नाही तर नुसती बसते. मग आम्ही दोघी जीपमध्ये बसतो, मी फोन करून म्हणते, बसलो. तिकडून होकाराचं ‘हाव’ येतं आणि फोन बंद होतो. कधीकधी मला तिचा फार राग येतो. पाठ दुखत असते, घरी स्वयंपाक वाट बघत असतो, आणि ही खिडकीपाशी बसून पुस्तकात खुणा करत असते. मग तिचा निकाल लागतो, राग जातो, आणि सोमवारी परत येतो.

सकाळी ती फाट्यावर उभी असते. जीप थांबली की आत डोकावते. मी दिसले तर चढते. मागे एकदा मला ताप होता, मी घरीच राहिले. तिला फोन करायचंही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या पोरींकडून कळलं की तीही आली नव्हती. मी गाडीत नाही म्हटल्यावर ती फाट्यावरूनच डबा घेऊन घरी परत गेली होती. तिनं मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तेव्हापासून मी तापातही जाते.