पोकळ आवाज ओळखणारी मनुबाई

मनुबाईचा नवरा हरेश्वर गलबतावर खलाशी होता. एकोणपन्नास सालच्या हंगामात गलबत वेरावळला माल घेऊन गेलं आणि हरेश्वरला तिकडेच ठेवून रेवदंड्याला परत आलं. गलबताचा तांडेल घरी येऊन म्हणाला, "तो तिकडंच उतरला. मी लई सांगितलं, आयकला न्हाय." पुढे कुणाकडून कुणाकडून कळलं, की त्याने तिथे दुसरं घर केलंय. मनुबाईने बांगड्या फोडल्या नाहीत, कारण नवरा जिवंत होता. पण कोळीवाड्यात हळदीला सवाशिणी बसल्या की तिला हाक मारावी की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. मग ती आपणच जाईनाशी झाली.

घरात होडी नसली की विकायची मासळी दुसऱ्याच्या दारातून घ्यावी लागते. चार वर्षं तिने तशी पाटी वाहिली. त्रेपन्न साली खाडीच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका शेटने प्लायवूडचा कारखाना काढला. वाळवणाला बायका हव्या आहेत असं ऐकून मनुबाई खाडीच्या तरीत बसून पलीकडे गेली. कोळीवाड्यातून गेलेली ती एकटीच.

कारखान्यात दक्षिणेकडून मालवाहू पडावांतून ओंडके येत. ते आधी मोठ्या टाकीत उकळत. मऊ झालेला ओंडका यंत्रावर फिरू लागला की पात्याखालून लाकडाचा लांबच लांब ओला पापुद्रा निघे, गुंडाळलेली चटई उलगडावी तसा. ते पापुद्रे कापून मांडवात काठ्यांवर वाळत घालायचं काम बायकांचं. वाळल्यावर त्यांना सरस लावून एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा असे थर रचत आणि तापलेल्या दाबयंत्रात घालत. धाग्यावर धागा आडवा बसला म्हणजे फळी ना फुगत, ना चिरत.

तयार फळीची प्रत लावायचं काम बाळाजी मुकादमाचं. हा चौलचा, नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांच्या घरातला माणूस. दोन्ही तोंडं स्वच्छ असतील ती पहिली प्रत, कपाटा-टेबलांसाठी. एक तोंड चांगलं ती दुसरी. गाठी, ठिगळं असलेली चहाच्या पेट्यांसाठी. आणि पाण्यात टिकणारी वेगळी, तिचा सरस महागाचा, तिच्यावर होडीचा शिक्का. डोळ्यांना दिसतं ते सगळं बाळाजी बिनचूक टिपत असे. पण पापुद्र्यांच्या मधे सरस धरला नसेल तर ते दिसत नाही. त्यासाठी फळीवर बोटाच्या पेरांनी ठोकत जायचं. एकदा फळ्या उचलता उचलता मनुबाईनेच एकीवर ठोकलं नि म्हणाली, "मुकादम, ही मधे सुटलेय."

बाळाजीने फळी कापायला लावली. मधे तळहाताएवढा फोड निघाला.

त्या दिवसापासून ती ठोकायला बसली. पापुद्रे वाळवणाऱ्या बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत, हसत, भांडत. मनुबाईला मात्र आवाज ऐकायचा असल्यामुळे मागच्या खोलीत बसवलेलं. दिवसभर भरीव, भरीव, भरीव, मधेच पोकळ. बोलायला कुणी नाही. संध्याकाळी ती तरीतून उतरे तेव्हा अंगाला सरसाचा उग्र दर्प असे. कोळणींच्या नाकाला मासळीचा वास कळत नाही, पण हा कळे. त्या सरकून बसत. त्यांच्या मनात काही नसेलही, पण मनुबाईने तरीच्या टोकाला बसायची सवय करून घेतली.

अशी आठ वर्षं गेली.

एकसष्टच्या सुमारास शिक्क्याच्या फळ्यांचा आवाज तिला बदललेला वाटू लागला. पोकळ नव्हता, पण मेलेला होता. ती बाळाजीला म्हणाली, "ह्यांचा सरस तो न्हाय."

बाळाजीने इकडेतिकडे पाहिलं. "बाहेरदेशचा सरस येत नाहीये. शेटनी दुसरा वापरायला सांगितलाय. तुम्ही फोड तेवढे काढा, मनुबाई."

"पन शिक्का होडीचा हाय."

"शिक्का मी मारतो. तुम्ही नाही."

ती पुढची फळी ठोकू लागली. आठ दिवस तसंच चाललं. मग तिला कळलं, की कोळीवाड्यातल्या धर्माजी नाखव्याने होडीला इंजिन बसवलंय नि त्याच्यावरची केबिन करायला ह्याच फळ्या नेल्यात. धर्माजी म्हणजे हरेश्वरबरोबर लहानपणी एका होडीवर काम केलेला माणूस. हरेश्वर गेल्यापासून तो रस्त्यात भेटला तर मान खाली घालून जाई.

रविवारी सकाळी तिने कारखान्यातून आणलेला शिक्क्याच्या फळीचा तुकडा भाताच्या टोपात घातला आणि चूल पेटवली. कारखान्यात नमुने असेच तीन-तीन दिवस उकळताना तिने पाहिले होते. चांगला तुकडा उकळून उकळून काळा पडे, पण सुटत नसे. तिचा तुकडा दुपारच्या आतच उकलला. तीन पापुद्रे पाण्यावर वेगवेगळे तरंगू लागले.

ते ओलेच पदरात घेऊन ती धर्माजीच्या दारात गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

धर्माजीची बायको रंगू बाहेर आली. "काय गो मनू?" तिच्या आवाजात नवलच जास्त होतं.

"नाखवा हाय घरात?"

धर्माजी आला. तिने पापुद्रे त्याच्या हातावर ठेवले. "तुमच्या केबिनीची फळी ही. इंजिनाच्या उष्म्यानं नि पान्यानं पावसाळ्याआधीच सुटल. भर दर्यात इंजिनावर पानी आलं तर काय करशाल?"

धर्माजीने एक पापुद्रा बोटांनी दुमडून बघितला. "तुला कामावरून काढतील, वयनी."

"काढूं देत."

'वयनी' हा शब्द तिने किती वर्षांनी ऐकला होता. ती परत फिरली. रंगूने बसायला सांगितलं की नाही, तेही तिला नीट ऐकू आलं नाही.

धर्माजीने फळ्या उखडून कारखान्यात नेऊन टाकल्या. बरोबर चार नाखवे होते. शेटने गाजावाजा न करता जुन्या सरसाच्या फळ्या काढून दिल्या. मनुबाईला काढलं नाही, पण तिची मागची खोली गेली. बाळाजी तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून वाळवणाला."

वाळवणाच्या बायकांना तिची भीती वाटू लागली. हिच्याशी बोललं तर मुकादम आपल्यावरही डोळा ठेवील, असं त्यांना वाटे. मांडवात सगळ्यांच्या मधे उभी राहून ती ओले पापुद्रे काठीवर टाकी, नि मागच्या खोलीत होती त्याहून इथे तिला जास्त एकटं वाटे. निदान तिथे फळ्या तरी उत्तर देत.

दोन वर्षांनी, फळ्या सुटतात म्हणून व्यापाऱ्यांकडून माल परत येऊ लागला. बाळाजी काम सोडून चौलला वाडीवर गेला आणि नवा मुकादम आला. त्याने मनुबाईला परत ठोकायला बसवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ही भरीव म्हणेल तरच शिक्का." ती खोलीत गेली. त्या दिवशी तिने एकशेचाळीस फळ्या ठोकल्या, सहा बाजूला काढल्या.

पुढे कोळीवाड्यातले लोक फळ्या घ्यायच्या आधी तिला हाक मारू लागले. ती जाई, ठोकून बघे, सांगे. चहा होई. काम झालं की सगळे फळ्या उचलायला लागत आणि ती घरी येई.

रंगू मात्र शनिवारी मासळीचा वाटा घेऊन येऊ लागली. उंबऱ्यावरच बसे. पहिल्या पहिल्यांदा दोघींना बोलायला काही सुचत नसे. रंगू वाऱ्याचं बोले, मनुबाई व्हय म्हणे. एका शनिवारी रंगूने विचारलं, "तुला कदी राग न्हाय आला गो, आमचा?"

मनुबाई बोंबील साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "आला होता."

रंगू उठून जाईल असं तिला वाटलं. पण रंगू आत आली, विळी ओढून घेतली आणि उरलेले बोंबील आपल्या पुढ्यात घेतले.